सायकोपीजी2 वरून सायकोपीजी 3 वर: पोस्टग्रेसचा पायथन ड्रायव्हर बदलणाऱ्यांसाठी

पायथन आणि पोस्टग्रेसवर चालणारा एखादा जुना प्रकल्प तुमच्या हाती आला असेल, तर त्याच्या तळाशी बहुतेक सायकोपीजी2 हाच ड्रायव्हर (पायथनच्या कोडला पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) असतो. त्याची पुढची पिढी, सायकोपीजी 3, ऑक्टोबर 2021 मध्ये आली. जुना ड्रायव्हर बंद पडलेला नाही. त्याची देखभाल चालू आहे, पण नव्या सोयी त्यात येत नाहीत, त्या 3 मध्येच येतात. त्यामुळे आज ना उद्या हे काम तुमच्यापुढे येणार.

मी हा बदल एका चालत्या प्रकल्पात केला. पहिल्या दिवशी टेस्टमध्ये चुकांचा ढीग लागला आणि मी घाबरलो. पण तो ढीग दोन-तीन दिवसांत उपसून झाला, कारण प्रत्येक चुकीत फाइल आणि ओळ स्पष्ट दिसत होती. खरा त्रास दिला तो काहीही न ओरडता वागणूक बदललेल्या दोन गोष्टींनी: विथ ब्लॉक आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (सर्व्हरवर आधीच तयार करून ठेवलेली क्वेरी). म्हणून या लेखात त्या दोघांना जास्त जागा दिली आहे. घाईत असाल तर निदान पायरी 4 आणि 5 वाचल्याशिवाय प्रॉडक्शनला हात लावू नका.

लिहिण्याची पद्धत एकदा सांगून ठेवतो. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फंक्शन आणि पर्यायांच्या नावांत दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर येतो आणि सगळी अक्षरं लहान असतात. क्लासच्या नावांत शब्द जोडून येतात आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं असतं. क्वेरीत मूल्य भरायची जागा मी %एस अशी लिहिली आहे.

## आधी हे हाताशी ठेवा

- पायथनची आवृत्ती. ड्रायव्हरच्या 3.1 ला पायथन 3.7 किंवा पुढचा लागतो, 3.2 ला 3.8 किंवा पुढचा. पोस्टग्रेस सर्व्हर 10 किंवा त्यानंतरचा हवा.
- ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या लिबपीक्यूची आवृत्ती. जुना आणि नवा दोन्ही ड्रायव्हर याच लायब्ररीतून सर्व्हरशी बोलतात, आणि काही नव्या सोयी तिच्या आवृत्तीवरच अवलंबून आहेत.
- ॲप आणि सर्व्हर यांच्यामध्ये पीजीबाउन्सर किंवा दुसरा पूलर (सर्व्हरची मोजकी कनेक्शनं वाटून देणारा मधला प्रोग्रॅम) आहे का, तो ट्रान्झॅक्शन मोडमध्ये आहे का (ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या आज्ञांचा गट), आणि त्याची आवृत्ती कोणती. हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला आजच विचारा. मी विचारलं नव्हतं.
- खऱ्या पोस्टग्रेसवर चालणाऱ्या टेस्ट. एसक्यूलाइटवर चालणाऱ्या टेस्टचा इथे काहीच उपयोग नाही, त्यात हा ड्रायव्हर वापरलाच जात नाही.
- सर्व्हरचा लॉग वाचण्याची परवानगी.
- जँगो (वेब फ्रेमवर्क) वापरत असाल तर 4.2 किंवा पुढची आवृत्ती, एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसची लायब्ररी) वापरत असाल तर 2.0 किंवा पुढची. त्याआधीच्या आवृत्त्यांना नवा ड्रायव्हर चालत नाही, तेव्हा आधी ते काम उरका.

## 1. इन्स्टॉल करताना नावाकडे लक्ष द्या

जुन्या पॅकेजच्या नावात 2 हा आकडा आहे, नव्याच्या नावात आकडाच नाही. ते नुसतं सायकोपीजी आहे आणि इम्पोर्टही तसाच करायचा. नाव वेगळं असल्यामुळे दोन्ही पॅकेज एकाच वातावरणात शेजारी शेजारी राहू शकतात. मोठ्या प्रकल्पात याचा फार आधार वाटतो, कारण एकेक मॉड्यूल सावकाश हलवता येतं. (जँगोत मात्र याच गोष्टीचा सापळा होतो, तो पायरी 7 मध्ये.)

इन्स्टॉल करायचे तीन प्रकार आहेत. नुसतं नाव दिलं तर शुद्ध पायथनमधला ड्रायव्हर मिळतो. तो सिस्टिमवरची लिबपीक्यू शोधतो आणि ती नसेल तर इम्पोर्टलाच "नो पीक्यू रॅपर अवेलेबल" असं म्हणून थांबतो. नावापुढे चौकटी कंसात बायनरी लिहिलं तर लिबपीक्यूसकट तयार पॅकेज येतं. शिकायला आणि बहुतेक कंटेनरना तेच सोपं पडतं. तिसऱ्या प्रकारात चौकटी कंसात सी लिहायचं. मग तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं आणि सिस्टिमची लिबपीक्यू वापरली जाते. त्यासाठी सी कंपायलर आणि पोस्टग्रेसच्या हेडर फाइली लागतात. सिस्टिमचे सुरक्षा अपडेट लिबपीक्यूलाही आपोआप लागावेत असं वाटत असेल तर हा तिसरा प्रकार घ्या.

प्रत्यक्षात कोणता प्रकार चालू आहे ते ड्रायव्हरच्या पीक्यू मॉड्यूलला विचारता येतं. त्याच मॉड्यूलमधलं व्हर्जन हे फंक्शन लिबपीक्यूची आवृत्ती आकड्यात देतं. 17 च्या मालिकेसाठी तो आकडा 170000 पासून सुरू होतो. तो कुठेतरी लिहून ठेवा, पायरी 5 ला लागेल.

कनेक्शन पूल हे वेगळं पॅकेज आहे. त्याची आवृत्तीही ड्रायव्हरपासून वेगळी चालते, म्हणून दोघांची आवृत्ती रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये स्वतंत्रपणे बांधून ठेवा.

## 2. मूळ बदल कोणता ते समजून घ्या

जुना ड्रायव्हर तुमची मूल्यं आपल्याकडेच क्वेरीच्या मजकुरात भरायचा, अवतरणचिन्हं नीट लावून, आणि तयार झालेलं सलग वाक्य सर्व्हरला पाठवायचा. नवा ड्रायव्हर क्वेरी आणि मूल्यं वेगवेगळी पाठवतो. %एस च्या जागी तो $1, $2 अशा खुणा टाकतो आणि मूल्यं त्यांच्यासोबत पण बाजूला जातात. त्यांची सांगड सर्व्हर घालतो.

पायरी 3 मधल्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच निघतात. सर्व्हर $1 ही खूण फक्त मूल्याच्या जागी स्वीकारतो, व्याकरणाच्या जागी नाही. आणि त्या मूल्याचा प्रकार त्याला आजूबाजूच्या मजकुरावरून ओळखावा लागतो. चूक समोर आली की पहिला प्रश्न हाच विचारा: इथे $1 टाकलं तर सर्व्हरला कळेल का? मला हे उमगल्यावर चुका एकेक करून शोधाव्या लागल्या नाहीत, कोड वाचतानाच त्या दिसायला लागल्या.

## 3. मोडणाऱ्या क्वेरी शोधा आणि बदला

संपूर्ण कोडमध्ये खालच्या गोष्टी शोधा. टेस्टवर विसंबू नका. टेस्ट नसलेला कोपरा प्रत्येक प्रकल्पात असतो.

इन आणि टपल. ही सगळ्यात जास्त ठिकाणी सापडते. जुन्या कोडमध्ये असं असतं:

व्हेअर आयडी इन %एस

आणि मूल्य म्हणून (11, 14, 19) असा टपल. जुना ड्रायव्हर त्याचं "इन (11, 14, 19)" करून पाठवायचा. आता सर्व्हरला "इन $1" दिसतं आणि तो "सिंटॅक्स एरर ॲट ऑर निअर $1" म्हणतो. बदल असा करायचा:

व्हेअर आयडी = एनी(%एस)

आणि मूल्य टपलऐवजी लिस्ट. लिस्ट पोस्टग्रेसचा ॲरे म्हणून जाते, टपल मात्र संमिश्र प्रकार म्हणून जातो, म्हणून लिस्ट करायला विसरू नका. "नॉट इन" च्या जागी "<> ऑल(%एस)". यात एक फायदाही पदरात पडतो. पूर्वी यादी रिकामी असली की "इन ()" तयार होऊन क्वेरी मोडायची, म्हणून आधी तपासणी लिहावी लागायची. रिकामी लिस्ट "= एनी" ला दिली तर नुसत्या शून्य ओळी येतात. आमच्या कोडमधल्या अशा बऱ्याच तपासण्या मी आनंदाने पुसल्या.

इझ %एस. मूल्य कधी नल, कधी खरं असेल म्हणून काहींनी "व्हेअर कॉलम इझ %एस" लिहिलेलं असतं. "इझ" नंतर मूल्याची खूण चालत नाही. तिथे "इझ नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम %एस" लिहा.

रिकामं फिल्टर. शोधाच्या पानामागे अशी क्वेरी हमखास असते: "%एस इझ नल ऑर शहर = %एस". यातल्या पहिल्या खुणेच्या आसपास प्रकार कळण्यासारखं काहीच नाही, म्हणून सर्व्हर "कुड नॉट डिटरमिन डेटा टाइप ऑफ पॅरामीटर $1" असं उत्तर देतो. उपाय सोपा आहे, "%एस::टेक्स्ट" असा प्रकार सांगून टाका. फसवी गोष्ट वेगळीच आहे. फिल्टरमध्ये पूर्णांक भरलेला असेल तर ड्रायव्हर स्वतःच त्याचा प्रकार सांगतो आणि क्वेरी चालते. नन (पायथनचं रिकामं मूल्य) पाठवलं की मोडते. म्हणजे टेस्टमध्ये कायम भरलेलं फिल्टर असेल तर ती टेस्ट पास होत राहील. रिकाम्या फिल्टरची टेस्ट आवर्जून लिहा. हाच प्रकार कोणत्याही प्रकारची मूल्यं घेणाऱ्या फंक्शनांच्या बाबतीत होतो, उदाहरणार्थ कॉनकॅट किंवा जेसन बिल्ड ॲरे.

तारीख आणि कालावधी. "डेट %एस" किंवा "इंटरव्हल %एस" असं लिहिलेलं आता चालत नाही. "%एस::डेट", "%एस::इंटरव्हल" करा. त्याहून चांगलं म्हणजे पायथनचं डेट किंवा टाइमडेल्टा थेट द्या.

सेट, नोटिफाय आणि टेबल घडवणाऱ्या आज्ञा. "सेट स्टेटमेंट टाइमआउट टू %एस" चालणार नाही. त्याऐवजी सेट कॉन्फिग हे फंक्शन सिलेक्टमधून बोलवा आणि मूल्य स्ट्रिंग म्हणून द्या. नोटिफायसाठी पीजी नोटिफाय. क्रिएट, ऑल्टर अशा आज्ञांमध्ये मूल्य घालायचं असेल तर एसक्यूएल मॉड्यूलमधलं लिटरल वापरा. हे मॉड्यूल जवळपास जुन्यासारखंच आहे. स्ट्रिंग हाताने जोडायचा मोह मात्र टाळा, इंजेक्शनचं दार तिथेच उघडतं.

एका दमात अनेक आज्ञा. अर्धविरामाने जोडलेल्या दोन-तीन आज्ञा मूल्यांसह एकाच एक्झिक्यूटमध्ये देता येत नाहीत. मूल्यं नसतील तर अजूनही देता येतात.

कॉलप्रॉक. ही मेथड नाहीच आता. फंक्शनसाठी सिलेक्ट, प्रोसिजरसाठी कॉल लिहा.

एवढं सगळं एकदम बदलण्याएवढा वेळ नसेल तर मधला रस्ता आहे. ड्रायव्हरच्या 3.1 पासून क्लायंट कर्सर नावाचा क्लास मिळतो (कर्सर म्हणजे क्वेरी चालवून ओळी आणणारा ऑब्जेक्ट). कनेक्ट करताना तो कर्सर फॅक्टरी म्हणून दिला की मूल्यं पूर्वीसारखी आपल्या बाजूलाच भरली जातात. आमच्याकडच्या जुन्या अहवालांच्या क्वेरी मी आधी त्यावर टाकल्या आणि मग एकेक करून सोडवल्या. "इन" आणि टपलचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, कारण टपलचा अर्थच नव्या ड्रायव्हरमध्ये बदलला आहे. तो हातानेच बदलावा लागतो.

## 4. विथ ब्लॉक: इथे डेटा हरवू शकतो

जुन्या ड्रायव्हरमध्ये "विथ कनेक्शन" याचा अर्थ होता: ब्लॉक नीट संपला तर कमिट (बदल पक्के), चूक आली तर रोलबॅक (बदल रद्द). कनेक्शन उघडंच राहायचं. नव्यात कमिट आणि रोलबॅक तसंच होतं, पण ब्लॉक संपल्यावर कनेक्शन बंदही होतं.

एकच कनेक्शन धरून ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा "विथ" करणारा कोड असेल तर दुसऱ्या फेरीला "द कनेक्शन इझ क्लोज्ड" ही चूक येते. ही चूक दिसते तरी. धोका आहे तो ती दुरुस्त करताना. साहजिकच मनात येतं की "विथ कनेक्शन" च्या जागी "विथ कनेक्शन.ट्रान्झॅक्शन()" टाकलं की झालं. मीही तेच केलं, फाइंड आणि रिप्लेस करून.

मग जे झालं ते सावकाश वाचा. कनेक्शन उघडलं, ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा लगेच पक्की करणं) बंद, म्हणजे नेहमीचंच. आधी एक साधं सिलेक्ट: ही ऑर्डर आधी नोंदली आहे का? नाही. मग ट्रान्झॅक्शन ब्लॉकच्या आत इन्सर्ट. ब्लॉक बिनचूक संपला. पुढे लॉगमध्ये "ऑर्डर नोंदली" अशी ओळही पडली. शेवटी कनेक्शन बंद केलं. टेबलमध्ये ओळ नाही.

कारण असं आहे. ऑटोकमिट बंद असताना पहिल्याच आज्ञेला, मग ते सिलेक्ट का असेना, ड्रायव्हर ट्रान्झॅक्शन सुरू करतो. त्यानंतर आलेला ट्रान्झॅक्शन ब्लॉक बघतो की एक ट्रान्झॅक्शन आधीच चालू आहे, म्हणून तो नवं सुरू न करता आत सेव्हपॉइंट (मधली परतीची खूण) टाकतो. ब्लॉक संपला की तो सेव्हपॉइंट मोकळा होतो, बाहेरचं ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. कोणी कमिट केलं नाही आणि कनेक्शन बंद झालं, तर सगळं मागे फिरतं. कुठेही चूक येत नाही. आमच्या टेस्ट त्याच कनेक्शनवरून ओळ वाचत होत्या, त्यामुळे त्यांना ती दिसत होती.

सुदैवाने हे प्रॉडक्शनला जायच्या आधीच सापडलं, एका सहकाऱ्याने दुसऱ्या खिडकीतून टेबल उघडून बघितलं म्हणून. तेव्हापासून लिहिणाऱ्या प्रत्येक टेस्टमध्ये मी दुसरं, वेगळं कनेक्शन उघडून वाचतो. तुम्हीही तसंच करा.

दुरुस्तीसाठी मी पुढची पद्धत पक्की केली:

1. कनेक्ट करताना ऑटोकमिट चालू ठेवा.
2. जिथे दोन किंवा अधिक आज्ञा एकत्र पार पडायला हव्यात तिथे स्पष्टपणे ट्रान्झॅक्शन ब्लॉक लिहा. ऑटोकमिट चालू असताना सगळ्यात बाहेरचा ब्लॉक खरोखरच बिगिन आणि कमिट करतो.
3. जुन्या कोडमध्ये जिथे जिथे कमिट() असं लिहिलं आहे त्या प्रत्येक जागी थांबा. त्याच्या वरच्या आज्ञा आजवर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होत्या, ऑटोकमिटमध्ये त्या सुट्या होतील. त्यांना ब्लॉकमध्ये घ्या.
4. नाव दिलेले, म्हणजे सर्व्हरवर उघडणारे कर्सर असतील तर त्यांनाही ट्रान्झॅक्शन लागतं. तेही ब्लॉकमध्ये.

नवा पूल वापरत असाल तर "विथ पूल.कनेक्शन()" हा ब्लॉक शेवटी कमिट करून कनेक्शन पूलमध्ये परत ठेवतो, बंद करत नाही. वेब ॲपसाठी मी हाच मार्ग सुचवेन. त्यात वरची दोन्ही संकटं टळतात.

## 5. प्रिपेअर्ड स्टेटमेंट आणि पूलर

नवा ड्रायव्हर एकाच कनेक्शनवर तीच क्वेरी पाचपेक्षा जास्त वेळा चालली की ती आपोआप सर्व्हरवर प्रिपेअर करून ठेवतो. मग दरवेळी तिचा मजकूर नव्याने वाचण्याचं आणि तपासण्याचं सर्व्हरचं काम वाचतं. ही सोय उत्तम आहे, पण प्रिपेअर केलेली क्वेरी सर्व्हरच्या त्या एका सेशनची असते. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर प्रत्येक ट्रान्झॅक्शन वेगळ्या सेशनवर जाऊ शकतं. ॲपला वाटतं क्वेरी प्रिपेअर केलेली आहे, सर्व्हर म्हणतो मला माहीत नाही. किंवा उलट, त्या नावाची आधीच आहे म्हणतो.

आमच्या टेस्टच्या वातावरणात पूलर नव्हता. शिवाय टेस्टमध्ये एकाच कनेक्शनवर तीच क्वेरी सहाव्यांदा क्वचितच चालते. त्यामुळे सगळं हिरवं होतं. नवा ड्रायव्हर पहिल्यांदा खऱ्या वापरात गेला तेव्हा पहिली काही मिनिटं सुरळीत गेली, मग तुरळक चुका, मग पाऊस. चुकीच्या मजकुरात अंडरस्कोअर-पीजी3 ने सुरू होणारं नाव दिसलं की ओळखा, हाच रोग आहे. ते नाव ड्रायव्हरने प्रिपेअर केलेल्या क्वेरीला दिलेलं असतं.

उपाय दोन आहेत. पहिला, कनेक्ट करताना प्रिपेअर थ्रेशोल्ड हा पर्याय नन करा, म्हणजे आपोआप प्रिपेअर करणं पूर्ण बंद. शून्य देऊ नका, शून्याचा अर्थ बरोबर उलटा आहे: पहिल्याच वेळी प्रिपेअर कर. दुसरा उपाय म्हणजे तिन्ही बाजू नव्या करणं: ड्रायव्हर 3.2 किंवा पुढचा, पीजीबाउन्सर 1.22 किंवा पुढचा आणि त्यात मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स शून्याहून जास्त, आणि लिबपीक्यू 17 किंवा पुढची. यातली एकही बाजू कमी पडत असेल तर पहिलाच उपाय धरा. पायरी 1 मध्ये लिहून ठेवलेला आकडा इथे बघा.

पूलर नसला तरी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. ॲप चालू असताना टेबलला कॉलम वाढवला आणि एखादी "सिलेक्ट *" क्वेरी आधीच प्रिपेअर झालेली असेल, तर "कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप" ही चूक येऊ शकते. कॉलमांची नावं लिहून क्वेरी केल्यात तर हे टळतं. दुसरी गोष्ट प्लॅनची. प्रिपेअर झालेल्या क्वेरीसाठी पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा मूल्यं बघून प्लॅन आखतो, त्यानंतर फार फरक पडत नसेल तर एकच सर्वसाधारण प्लॅन धरतो. डेटा एकीकडे झुकलेला असेल, म्हणजे एका ग्राहकाच्या लाखो ओळी आणि दुसऱ्याच्या चार, तर अशी क्वेरी काही वेळाने अचानक मंद होऊ शकते. तिथे पोस्टग्रेस 12 पासून आलेलं प्लॅन कॅश मोड हे सेटिंग कामाला येतं.

## 6. बाकीच्या अदलाबदली

या पायरीत डोकं कमी आणि चिकाटी जास्त लागते.

डिक्ट कर्सर आणि रिअल डिक्ट कर्सर गेले. त्यांच्या जागी रो फॅक्टरी (ओळ कोणत्या रूपात यावी ते ठरवणारी) आली: डिक्ट रो, नेमडटपल रो, किंवा तुमच्याच डेटाक्लासमध्ये ओळी भरून देणारी क्लास रो. ही शेवटची मला फार आवडली. ओळीतून मूल्यं उचलून ऑब्जेक्ट बनवणारा कितीतरी कंटाळवाणा कोड तिने वाचवला.

कॉपी फ्रॉम, कॉपी टू आणि कॉपी एक्स्पर्ट यांच्याऐवजी कर्सरची एकच कॉपी मेथड आहे. तिच्यासह विथ ब्लॉक उघडायचा आणि आत राइट रो ने एकेक ओळ लिहायची. नन आपोआप नल होतो, टॅब आणि नवी ओळ यांची काळजी आपण घ्यायची नाही. एक्झिक्यूट व्हॅल्यूज आणि एक्झिक्यूट बॅच शोधत बसू नका. 3.1 पासून साधी एक्झिक्यूटमेनीच पाइपलाइन मोड वापरते, म्हणजे प्रत्येक आज्ञेच्या उत्तराची वाट न बघता पुढची पाठवते. त्यासाठी लिबपीक्यू 14 किंवा पुढची हवी. हजारो ओळी भरायच्या असतील तर तरीही कॉपीच वापरा.

जेसनसाठी दोन वेगळे रॅपर आहेत, जेसन आणि जेसनबी. कॉलम जेसनबी असेल तर जेसनबीच वापरा. इन्सर्टला दोन्ही चालतात, पण "@>" सारख्या ऑपरेटरला जेसन दिलं तर असा ऑपरेटरच नाही म्हणून क्वेरी मोडते.

बाइटए कॉलममधून आता मेमरीव्ह्यू नाही, थेट बाइट्स येतात. तुमच्या कोडमध्ये टूबाइट्स असं रूपांतर असेल तर ते काढा.

इन्फिनिटी ही तारीख वापरत असाल तर सावध राहा. जुना ड्रायव्हर तिचं पायथनच्या सर्वांत मोठ्या तारखेत रूपांतर करायचा, नवा डेटा एरर देतो. "मुदत नाही" यासाठी इन्फिनिटी साठवणारी टेबलं बऱ्याच ठिकाणी असतात.

आणि एक्सेप्ट. इथेही शांतपणे घात होतो. कनेक्शन नव्या ड्रायव्हरचं झालं, पण कुठेतरी "एक्सेप्ट सायकोपीजी2.इंटिग्रिटी एरर" तसंच राहिलं, तर ती चूक कधीच पकडली जाणार नाही. दोन्ही पॅकेज इन्स्टॉल असल्याने इम्पोर्टही मोडत नाही. ज्या दिवशी खरंच दुहेरी नोंद येईल त्याच दिवशी कळेल. चुकांच्या क्लासची नावं तीच आहेत, फक्त इम्पोर्ट बदला. पीजीकोड या गुणधर्माच्या जागी एसक्यूएलस्टेट लिहा.

## 7. जँगो आणि एसक्यूएलअल्केमी वापरणाऱ्यांसाठी

जँगोला ड्रायव्हर 3.1.8 किंवा पुढचा लागतो. सेटिंगमधलं इंजिनचं नाव बदलायचं नाही. सापळा असा: दोन्ही पॅकेज असतील तर जँगो नवं निवडतं. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या कामासाठी कोणी सायकोपीजी इन्स्टॉल केलं, तर तुमचं ॲप न विचारता नव्या ड्रायव्हरवर जातं. रिक्वायरमेंट्समध्ये नेमकं एकच ठेवा. दिलासा असा की जँगो मूल्यं आपल्याच बाजूला भरतं आणि आपोआप प्रिपेअर करणंही मुळात बंद ठेवतं, त्यामुळे पायरी 3 आणि 5 चा बराच भाग तुम्हाला लागू होत नाही. हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमधले "इन" आणि टपल मात्र शोधाच.

एसक्यूएलअल्केमीत कनेक्शनच्या पत्त्यात पोस्टग्रेसक्यूएल नंतर अधिक चिन्ह देऊन सायकोपीजी लिहायचं. प्रिपेअर थ्रेशोल्ड कनेक्ट आर्ग्समधून द्या.

## 8. प्रॉडक्शनला नेण्याचा क्रम

1. वेगळ्या ब्रँचमध्ये पायरी 3 मधल्या क्वेरी बदला, पण ड्रायव्हर जुनाच ठेवून. "= एनी(%एस)" आणि "%एस::डेट" जुन्या ड्रायव्हरलाही चालतात. हे बदल आधीच प्रॉडक्शनला जाऊ द्या. त्यामुळे ड्रायव्हर बदलण्याच्या दिवशी फरक छोटा राहतो आणि मागे फिरणं सोपं होतं.
2. टेस्टच्या वातावरणात प्रॉडक्शनसारखाच पूलर बसवा. मग तीच क्वेरी एकाच कनेक्शनवर किमान दहा वेळा चालवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून चालवा.
3. आधी पार्श्वभूमीत चालणारी कामं नव्या ड्रायव्हरवर न्या, वेब नंतर. रात्रीचा एखादा अहवाल मोडला तर पुन्हा चालवता येतो.
4. सर्व्हरच्या लॉगवर लक्ष ठेवा. लॉगमध्ये आता क्वेरीत मूल्यांऐवजी $1, $2 दिसतील आणि मूल्यं वेगळ्या ओळीत येतील. लॉग वाचणारी एखादी स्क्रिप्ट असेल तर तीही तपासा.
5. असिंक्रोनस (ॲसिंक, म्हणजे उत्तराची वाट बघत न थांबणाऱ्या) कोडकडे एवढ्यात वळू नका. ॲसिंक कनेक्शन हा नव्या ड्रायव्हरचा मोठा गुण आहे, पण तो वेगळा बदल आहे, वेगळ्या दिवशी करा. विंडोजवर करणार असाल तर तिथला नेहमीचा प्रोॲक्टर इव्हेंट लूप या ड्रायव्हरला चालत नाही, सिलेक्टर लूप लावावा लागतो.
6. सगळं स्थिर झाल्यावर सायकोपीजी2 अनइन्स्टॉल करा आणि पूर्ण टेस्ट पुन्हा एकदा चालवा. कुठेतरी राहिलेला जुना इम्पोर्ट तेव्हाच उघडा पडतो. आमच्याकडे असे दोन निघाले, आणि दोन्ही एक्सेप्टच्या ओळींसाठी केलेले होते.